अक्षरांमागचं लुगडं

मंदाताई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या भाचीने फोनवर पाठवलेल्या निरोपात अक्षरांमागे लालभडक गुलाब होते. अंत्ययात्रेची वेळ मला वाचता येईना, फोन करून विचारावी लागली. मंदाताईंनी असा निरोप दारातूनच परत पाठवला असता...

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत आम्ही दोघं वेबसाइट बनवायचो. मराठी मजकूर तेव्हा चित्र करून चढवावा लागे. बऱ्याच खटपटीने ठाण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम मिळालं. त्यांना मजकुरामागे पानभर डोळे हवे होते, ठसठशीत. मी हो म्हणून बसलेलो. मंदाताईंनी डोळ्यांचं पान केलं, आणि शेजारी दुसरंही. त्यासाठी आईच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा स्कॅन करून इतका फिकट केला, की विणीचा नुसता भास उरला.

"काम हातचं जाईल, ताई."

"जाऊ दे. त्यांच्याकडे येणाऱ्यांना दिसत नाही, म्हणून तर ते येतात," त्या म्हणाल्या.

डॉक्टर बघायला आले, त्या दिवशी मंदाताईंनी खाडीकाठच्या गावातून आईला आणून स्क्रीनसमोर बसवलं होतं. म्हातारी चौथी शिकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिलं पान बघून ती मागे सरली. "यवरे डोले मना कनाला बघतान?" दुसऱ्या पानावर मात्र बोट ठेवत, अडखळत, तिने तपासणीचे वार आणि वेळा वाचून दाखवल्या. डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढून म्हातारीचेच डोळे तपासले. "हे दुसरं ठेवा," जाताना म्हणाले, "आणि आजींना सोमवारी घेऊन या."

ऑपरेशननंतर म्हातारी पुन्हा आली. नवा चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या त माझा लुगरा." मी हसलो. मंदाताई हसल्या नाहीत. "म्हणजे अजून गडद आहे," म्हणाल्या आणि रंग आणखी उतरवायला बसल्या.

पुढे आमची कामं वेगळी झाली, भेटी कमी होत गेल्या. तेराव्यानंतर मी त्यांच्या कल्याणच्या घरी गेलो. भाचीने त्यांचा कॉम्प्युटर लावून दिला. पडदा मला कोराच वाटला.

"काका, जवळून बघा. काहीतरी आहे मागे."

चष्मा पुसून, वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही. फाइलींची नावं मात्र सगळी वाचता आली.