पंधरा ग्रॅम

निरगुडसरचा तो शेतकरी करपलेल्या टोमॅटोच्या फांद्या पिशवीत घालूनच नारायणगावच्या आमच्या ऑफिसात आला. त्यानं पिशवी आमच्या व्यवस्थापक साहेबांच्या टेबलावर उपडी केली.

"तुमच्या सायटीवर लिवलं व्हतं तेवढंच औषध मारलं," तो म्हणाला. "आख्खा प्लॉट गेला."

२००६-०७ च्या सुमाराला भाजीपाला उत्पादकांच्या एका संघात मी प्रोग्रामर होते. वारूळवाडीहून चालत ऑफिसला यायचे. कोणत्या रोगाला कोणतं औषध, किती प्रमाणात, हे सांगणारी वेबसाइट मी एकटीनं बांधली होती.

"तुमी वाचायला चुकला असाल, राव," साहेब म्हणाले.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. मंचरच्या सायबर कॅफेत काढलेली प्रिंट होती, तारीख चारच दिवसांपूर्वीची. लिटरला पंधरा ग्रॅम. हवं होतं दीड. दशांशचिन्हाची ती चूक मी महिन्यापूर्वीच सुधारली होती.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे हिचं काम."

शेतकरी गेल्यावर मी सर्व्हर उघडून बघितला. आदल्या आठवड्यात साहेबांनी वेबसाइटवरचा ऑफिसचा फोन नंबर बदलला होता, तोही स्वतःच्या कॉम्प्युटरवर पडून असलेल्या जुन्या कॉपीत. मग ती आख्खी जुनी कॉपी सर्व्हरवर चढवली होती. माझ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. मी तारीख-वेळ दाखवली, तर म्हणाले, "बरं मग, आता नीट कर की. एवढा आवाज कशाला?"

मी नीट केलं, पण त्यांना अपेक्षित होतं तसं नाही. पुढचे आठ दिवस दात-ओठ खात मी एकच काम केलं. यापुढे कुणीही हातानं सर्व्हरवर फाइल चढवायची नाही. बदल एका ठिकाणी जमा करायचा, कॉम्प्युटर आपोआप प्रत्येक औषधाचं प्रमाण कमाल मर्यादेशी ताडून बघणार, आणि सगळं बरोबर असेल तरच तो बदल आपणहून वेबसाइटवर जाणार. सगळं चालू झालं आणि मी सर्व्हरचा पासवर्ड बदलला.

"माझ्याच ऑफिसात मला पासवर्ड नाय?" साहेब ओरडले.

"नाही. मीसुद्धा हातानं काही चढवणार नाही आता."

त्यांनी मला संघाच्या कमिटीपुढं उभं केलं. मी सगळ्यांदेखत दीडचे पंधरा केले आणि बदल जमा केला. पडद्यावर लाल ओळ आली: प्रमाण मर्यादेबाहेर, बदल थांबवला. एक म्हातारे सभासद खुर्ची ओढून जवळ आले. "हे आदी का नव्हतं केलं?" त्यांनी विचारलं. विचारलं मला, पण बघत होते साहेबांकडं. कमिटीनं पासवर्ड माझ्याकडंच ठेवला.

महिनाभरानं पुण्याच्या एका बैठकीत साहेबांनी हीच व्यवस्था 'मी बसवून घेतली' म्हणून सांगितली. मी मागच्या रांगेत होते. हातातल्या पेनाचं टोपण मोडलं.

त्या रविवारी मी निरगुडसरला गेले. त्या शेतकऱ्यानं प्लॉट नांगरून टाकला होता. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी माफी मागितली, घडलेलं सगळं सांगितलं.

तो मग म्हणाला, "ताई, तुमी आला ते बरं केलं. पण ज्यानं केलं, तो कुठाय?"


मी कप खाली ठेवला. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलापुढं उभी राहून हाच प्रश्न मी मोठ्यानं विचारला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा. ते फायलीतून वर बघायला तयार नव्हते. निरगुडसरला ते कधीच गेले नाहीत.