पावाची दुसरी बाजू

“तिची काळजी करू नकोस, ती काही बोलत नाही,” पडद्यापलीकडे आमचा बॉस डचमध्ये म्हणाला आणि बास्केटबॉल क्लबचा मॅनेजर हसला. पडद्याच्या अलीकडे मी गुडघ्याला बांधायचे पट्टे गुंडाळत उभी होते. मला डच येत नाही असं दोघंही धरून चालले होते. बोलता येत नव्हतं हे खरं, पण कळत होतं. त्यांचं म्हणणं असं होतं की येत्या शनिवारच्या सामन्यात द्राशकोला खेळवायचंच आहे, तेव्हा त्याच्या गुडघ्याच्या चाचणीचा कागद ‘खेळायला हरकत नाही’ असाच जायला हवा. ती चाचणी सकाळी मी घेतली होती. डाव्या पायात उजव्याच्या निम्मीसुद्धा ताकद उरली नव्हती. एका पायावर उडी मार म्हटलं तर त्याने ती मारली, पण खाली येताना टेबलाची कड धरली होती.

मी पुण्यात फिजिओथेरपी शिकले, मग मास्टर्ससाठी नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला आले आणि नोकरीसाठी ब्रेडाजवळच्या एका गावातल्या या क्लिनिकमध्ये सहायक म्हणून लागले. माझा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. तो वाढला नाही तर इथे राहायचा परवानाही संपणार होता. त्या महिन्यांत मी रोज सकाळी देवासमोर दिवा लावून एकच मागत होते, नोकरी टिकू दे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आरत्यासुद्धा मी रोमन लिपीत लिहून पाठ केलेल्या. माझं मागणं देवाला कळतं तरी का, अशी शंका यायची. तरी मागत राहिले.

द्राशको सर्बियाचा. वय छत्तीस. मोजमाप चालू असताना तो बोलत राहायचा आणि मी ऐकायचे, म्हणून त्याची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी माहीत झाली. त्याच्या गावात साखर कारखाना होता आणि कारखान्याच्या भिंतीवर जाळी नसलेली एक रिंग. वडील कामावरून सुटेपर्यंत हा तिथे चेंडू मारत बसायचा. पंधराव्या वर्षी राजधानीतल्या मोठ्या क्लबने त्याला उचललं. विसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावलं आणि शेवटच्या दिवशी घरी पाठवलं. संघात बारा जण असतात, हा तेरावा. त्यानंतर रोमानिया, पोलंड, सायप्रस, आणखी कुठे कुठे, नऊ देश, दर वर्षी नवा करार, नवं भाड्याचं घर, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: गुडघा कसा आहे? आता त्याला एवढंच हवं होतं की पुढचा एक हंगाम, शेवटचा, कारखान्यामागच्या त्या छोट्या हॉलमध्ये गावाच्या संघाकडून खेळावा आणि वडिलांनी समोर बसून तो पाहावा. वडिलांनी त्याला फक्त टीव्हीवर खेळताना पाहिलं होतं.

मला तो ‘सेस्त्रा’ म्हणायचा. त्यांच्याकडे नर्सला बहीणच म्हणतात, आपल्या सिस्टरसारखं. एकदा डिसेंबरचा विषय निघाला तेव्हा म्हणाला की घरी ‘क्रस्ना स्लावा’ असते. मी दचकून विचारलं, कृष्ण? तो इतका हसला की मला पट्टा सोडून थांबावं लागलं. मग त्याने समजावलं. प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येतो, वर्षातून एकदा त्याचा दिवस. त्या दिवशी कोणालाही आमंत्रण करायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, ज्याला आठवेल तो येतो. मी म्हटलं, आमच्याकडे याला कुलदैवत म्हणतात. घरी फोनवर हे सांगितलं तर आईने त्यातला नेमका कृष्णच उचलला आणि म्हणाली, “भक्त माणूस दिसतो. नीट बघ हो त्याचा पाय.”

चाचणीच्या कागदावर मी खोटा आकडा लिहिला नाही. मी रकाना रिकामा ठेवला, तो बॉसने भरला. पुढे बरेच दिवस मी या फरकाचा आधार घेत होते. पण सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, द्राशको बूट बांधता बांधता थांबला आणि त्याने मला विचारलं, “सेस्त्रा, मोजलंस तू. ठीक आहे ना?” बॉस दारात उभा होता. मी मान हलवली. आपण हलवतो तशी, दोन्ही खांद्यांकडे, धड हो नाही आणि धड नाहीही नाही. आपल्या माणसाने लगेच विचारलं असतं, म्हणजे काय, नीट सांग. त्याने ते ‘हो’ समजून माझ्या खांद्यावर थोपटलं.

शनिवारी सामन्याच्या तिसऱ्या भागात उडी मारून तो खाली आला आणि उठला नाही. मी हॉलमध्ये नव्हते, सोमवारी ऐकलं. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा खेळणं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि क्लबने करार संपवला. त्याच आठवड्यात माझा करार वाढल्याचं पत्र आलं. आईने देवापुढे पेढे ठेवले. देवानं तुझं ऐकलं, म्हणाली. मला पहिल्यांदाच देवाची भीती वाटली. मी मागितलेलं नेमकं तेवढंच मला मिळालं होतं, आणि कशाच्या बदल्यात मिळालं ते मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी दिवा लावला नाही. रागाने नाही. समोर उभं राहायला तोंड नव्हतं.

डिसेंबरात चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. या दिवशी घरी तळी भरतात: ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, नारळ, भंडारा ठेवून सगळ्यांनी मिळून ते कडेला धरून उचलायचं आणि देवाचा गजर करायचा. तळी एकट्याने उचलत नाहीत. आई, काका, काकू, शेजारचे दोघं, असे पाच जण जमले होते. आईने फोन ताम्हनाशेजारी उभा केला आणि मला सांगितलं, तू पडद्याला हात लाव, सहावी तू. मी हात लावला. “येळकोट येळकोट” सगळ्यांनी म्हटलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तिकडे त्यांना वाटलं, नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉसने सांगितलं की द्राशकोला दिलेलं गुडघा थंड ठेवायचं यंत्र परत आणायचंय, तो महिनाअखेरीला घर सोडतोय, तू सायकलवरून जाऊन ये. मला तिथे देवाने पाठवलं की बॉसने, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी वाटेत ठरवलं होतं की बेल वाजवायची, दारातूनच यंत्र घ्यायचं आणि निघायचं.

दार उघडंच होतं. आत टेबलावर एक जाड मेणबत्ती जळत होती, पांढऱ्या कापडावर गोल मोठा पाव, भाजलेला मासा, आणि साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू. खुर्च्या सहा मांडलेल्या. खोलीत तो एकटा, कुबड्यांवर उभा. बायको आणि मुलगी सर्बियात, संघातली मुलं सरावाला. मला पाहून तो म्हणाला, “तुला स्लावा आठवली.” मी यंत्रासाठी आलेय हे सांगायला हवं होतं. तेही मी सांगितलं नाही. त्याने गव्हाचा वाडगा पुढे केला, पाहुण्याने आधी चमचाभर खायचं असतं. चव खिरीसारखी होती, फक्त कोरडी.

मग त्याने अडचण सांगितली. पाव दोघांनी समोरासमोर धरून, फिरवून, वर उचलायचा असतो. दर वर्षी कोणीतरी असतं. यंदा सकाळपासून कोणी आलं नव्हतं, आणि कुबड्या सोडून दोन्ही हातांनी त्याला एकट्याला ते जमतही नव्हतं. टेबलावर फोन टेकवून ठेवलेला होता. त्यात त्याचे वडील, टोपी काढून, बाजूला मेणबत्ती लावून, ताटकळत बसलेले. “दुसरी बाजू धरशील?” त्याने विचारलं.

मी धरली. पाव अजून कोमट होता. वडील फोनमधून जुन्या, बसक्या आवाजात काहीतरी गाऊ लागले. आम्ही पाव फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. कुबड्या त्याच्या काखेत कशाबशा अडकवलेल्या, त्यामुळे त्याचा भार पावातून माझ्या हातांवर येत होता. वर उचलताना मला कालचं ताम्हन आठवलं, पाच जणांचे हात, आणि काचेवर टेकवलेला माझा हात. काल मला जे धरता आलं नव्हतं ते आज माझ्या हातात होतं, आणि ते मला अशा माणसाने दिलं होतं ज्याचा खेळ मी काढून घेतला होता. याला कृपा म्हणावं का, मला अजून ठरवता येत नाही. गोड नव्हती ती. पण आजवर मी देवाकडे वस्तू मागितल्या, आणि शरण जाणं म्हणजे मुकाट्याने जे होईल ते होऊ देणं असं समजत आले. त्या टेबलाशी कळलं की मुकाट राहणं ही माझी सोय होती. शरण जायचं तर आधी तोंड उघडावं लागतं, आणि मग पुढचं आपल्या हातात राहत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मी आता त्या क्लिनिकमध्ये नाही, आणि परवान्याचे मोजके दिवस उरलेत. द्राशको गावी गेला. तो परत खेळणार नाही, आणि माझ्या बोलण्याने त्याचा गुडघाही परत आला नाही. त्याने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तरी त्या उघड्या दाराबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. दिवा पुन्हा लावते, मागत काही नाही.

त्या दिवशी पाव खाली ठेवल्यावर वडिलांनी फोनमधून काहीतरी विचारलं. द्राशको उत्तर देताना माझ्याकडे बोट दाखवत होता, त्यात मला ‘सेस्त्रा’ एवढंच कळलं. मग त्याने मला इंग्रजीत सांगितलं, “ते विचारतायत, ही कोण. मी म्हटलं, क्लिनिकमधली. कागदावरचा आकडा बॉसचा होता. तिथली ही एकटीच माझ्याशी खोटं बोलली नाही.” म्हातारे वडील पडद्यातून माझ्याकडे बघून, छातीवर हात ठेवून, किंचित वाकले.

मेणबत्ती जळत होती. हातांना पावाची ऊब अजून होती. मी त्याला थांबवलं, आणि मान न हलवता म्हणाले, “द्राशको, त्या शुक्रवारी गुडघा ठीक नव्हता. मोजला मीच होता. मला माहीत होतं. हे वडिलांनाही सांग.”