आबांची पंचाहत्तरी आणि माझं परदेशी स्टेशन

माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांचं भरभरून कौतुक झालं आणि त्यातला एक शब्दही त्यांना ऐकू आला नाही. त्याला जबाबदार मी.

पेणच्या बाजारात बॅटऱ्या नि चार्जर विकणाऱ्याकडून मी तळहाताएवढा रेडिओ घेतला होता. दिवस मावळला की मीडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं लागतात, हे कळल्यापासून रोज संध्याकाळी मी तो कानाला लावून गच्चीवर बसत असे. (बायकोच्या मते मी तासभर मासे तळल्याचा आवाज ऐकतो.) परदेशी स्टेशन मात्र अजून गावलं नव्हतं.

पंचाहत्तरीसाठी आम्ही रोह्याजवळच्या अष्टमी गावी, माझ्या सासुरवाडीला गेलो. कार्यक्रम सातचा. सगळे अंगणात खुर्च्या मांडत होते. मी "जरा बघून येतो" म्हणून आत सटकलो आणि रेडिओ लावला. नुसती घरघर! अशा रेडिओची अर्धी मजा तो फिरवण्यात असते. एका बाजूला वळवला की आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला वळवला की मरतो. तेव्हा घरघरीचा माग काढत मी घरभर हिंडलो. ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, मेहुण्याचं वायफाय बंद केलं. घरघर कायम. शेवटी आबांच्या खोलीत, कपाटामागच्या बोर्डापाशी ती इतकी वाढली की रेडिओ हातात थरथरायला लागला. तिथे एक पांढरी डबी चार्जिंगला लावलेली होती. कुणाचा तरी मोबाईलचा चार्जर असेल म्हणून मी ती उपटली.

घरघर थांबली आणि लांबून एक माणूस अनोळखी भाषेत बोलायला लागला.

मी खिडकीतून शेजारच्या इक्बालभाईंना हाक मारली. त्यांची तीस वर्षं मस्कतला नोकरीत गेलेली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"अरबी नाय," ते म्हणाले. "बलुची वाटते. मस्कतला माझ्याबरोबर बलुची होते. स्टेशनाचं नाव सांगतील, थांबू."

तेवढ्यात मला अंगणातून बोलावणं आलं. रेडिओ खिडकीत अमुक बाजूला तोंड करून असाच धरायचा, हलवायचा नाही, असं इक्बालभाईंना बजावून मी गेलो.

आबा नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते. नातीने कविता म्हटली. आबा हसले. आबांच्या धाकट्या भावाने सांगितलं की एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आबांनी त्याला खांद्यावर बसवून बाहेर काढलं होतं. सगळ्यांचे डोळे ओले झाले. आबा तसेच हसले.

मग मी उठलो. कंपनी बंद पडून मी वर्षभर घरी बसलो होतो, तेव्हा आबा दर महिन्याला तांदळाचं पोतं घेऊन पेणला यायचे आणि नोकरीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. बावीस वर्षांत मी त्यांचे आभार मानले नव्हते. ते आज मानले. माझा गळा दाटला, दोनदा थांबावं लागलं. बायको पदराने डोळे पुसत होती.

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, कधी आलात? जेवलात का?"

मेहुण्याने आबांच्या कानातलं मशीन काढून पाहिलं. ते पार मेलेलं होतं. तो धावत खोलीत गेला आणि हातात ती पांढरी डबी घेऊन परत आला. कानाचं मशीन संध्याकाळी या डबीत चार्जिंगला ठेवलं होतं, डबी बोर्डावरून कुणी काढली, असं त्याने विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

नेमके त्याच वेळी इक्बालभाई रेडिओ उंच धरून आले. "नाव सांगितलं! स्टेशन आपलंच हाय, भारताचं. बाहेरच्या देशातल्या लोकांसाठी लावतात."

रात्री घरातल्यांनी निकाल दिला. पाहुणे सकाळी जाणार, म्हणून सगळ्यांची भाषणं आबांना जावईच ऐकवतील.

सकाळी मशीन पूर्ण चार्ज झालं. मी आबांसमोर उभा राहून नातीची कविता म्हटली (दोन ओळी विसरलो), कुंडलिकेचा पूर सांगितला, आणि शेवटी माझं स्वतःचं भाषण केलं. गळा दाटेना. दाटावा म्हणून मी दोनदा थांबलोसुद्धा.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मशीन कानातून काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "जावईबापू, काल ऐकू येत नव्हतं, तेव्हा लय छान बोललात."