पोर रडायची थांबली

"वढू नगं, वढू नगं," असं आत्या म्हणस्तोवर म्या गूळ वढला व्हता. गुळासंगट लेकीच्या बोटाची कातडीबी आली.

आत्या म्हंजे माझ्या सासूबाई. आमच्या माकणीकडं धरणाचं पाणी, ऊस लई, गुऱ्हाळ चालतं. काहिलीतला, मोठ्या कढईतला गूळ निवायला ओतलेला. म्या चिपाडं उचलाय वळले तवर दोन वर्साच्या पोरीनं त्यात हात घातला. कढत गूळ सुटत न्हाय, चिकटून जाळतच ऱ्हातो. म्या रांजणाकडं पळाले तर आत्यानी दंड धरला.

"भाजल्यावर पाणी लावतेत का गं? फोडं येतेल!"

हळद-तूप लावलं. पोर किंचाळली, किंचाळली, मग गप झाली, निजली.

"बघ, आग गेली," आत्या म्हणल्या. "तुझीच लई फडफड."

मलाबी खरं वाटलं. सकाळी भरवताना माझं नख त्याच बोटाला लागलं, तर ती हसतच ऱ्हायली. दुखाय नको व्हय? दिराला फटफटी काढाय लावली, आत्याबी संगट बसल्या, पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेली.

डाक्टरीणबाईनी मनगटाला सुई टोचली. पोर वरडली. बाई म्हणल्या, "छान." म्या मनात शिवी दिली. मग बोटाला टोचली. पोर सुईकडं बघत बसली.

"बाई, रडंना का?"

"वरची कातडी कणसावरच्या दाण्यांसारखी असते, पेशीला पेशी खेटलेली. खाली धाग्यांचं जाळं, सगळं धरून ठेवणारं. त्यातच बारीक नसा असतात, दुखणं कळवणाऱ्या. बोटांवर तिथपर्यंत जळलंय. रडणार कशी?"

नववीत ऊतींचा धडा व्हता, म्या अर्धाच वाचलेला, शाळा सुटली. त्यात असं काय आसंल हे ठावं न्हवतं.

"बोट हलतंय, म्हणजे स्नायू शाबूत आहेत," बाई म्हणल्या. "पण मूळच जळालं तर कातडी नीट येत नाही. बोटं आखडतील. मांडीची कातडी काढून लावावी लागेल. सोलापूरला न्या."

"माझी काढा की! हवी तेवढी काढा!"

"तुमची तिच्या अंगाला टिकत नाही. तिचीच लागते."

आत्या कळवळून म्हणल्या, "धडधाकट मांडी सोलायची? लेकीची जात हाय. एक डाग हाय, दुसरा कशापायी?" मालक, पोरीचे बाप, ट्रकवर, फोन लागंना. बाई माझ्या तोंडाकडं बघायल्या. म्या हो म्हणून बसले.

आता सोलापुरात दाराभायेर बसलेय, आत पोरीची मांडी सोलायलेत. मला बसवंना, उठवंना. बोटं सरळ झाली तर ठीक, न्हाय झाली तर दोन्ही डाग माझ्याच नावानं. तुमच्याबी घरात लेकरं आसतील. तुमी दिली असती का त्यांची मांडी सोलाय?