खोडलेली चाल

बुद्धिबळात मी पुष्कळ हरलोय. वजीर फुकट घालवून हरलोय, जिंकत आलेला डाव घड्याळावर हरलोय, एकदा तर आपल्यावर मात झाली आहे हे न कळून समोरच्याच्या चालीची वाट बघत बसलो होतो. त्याचं फार काही वाटत नाही. पण गेल्या मे महिन्यात ड्रेस्डेनच्या आमच्या क्लबात मी एक डाव बरोबरीत सोडवला, आणि त्या बरोबरीने मला जो वैताग दिला तो कुठल्याही हरण्याने दिलेला नाही.

मी इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. लहानपण सांगलीत गेलं, त्यामुळे बुद्धिबळ वेगळं शिकावं लागलं नाही. इथला क्लब दर शुक्रवारी संध्याकाळी एका श्रेबरगार्टनच्या हॉलमध्ये भरतो. श्रेबरगार्टन म्हणजे शहरातल्या लोकांनी भाड्याने घेतलेले बागेचे छोटे छोटे तुकडे. प्रत्येकाची एक लाकडी खोली, चार सफरचंदाची झाडं आणि शंभर नियम.

तिथेच आजोबा भेटले. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. मी ड्रेस्डेनला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात क्लबातलं कोणी माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नव्हतं, तेव्हा हे गृहस्थ डाव संपल्यावर समोर येऊन बसायचे आणि "बघू या?" म्हणून सगळा डाव पहिल्या चालीपासून मांडायचे. संगणक वापरायचे नाहीत. हनुवटीवर मूठ टेकवून एकेका चालीवर पंधरा पंधरा मिनिटं घालवायचे. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. मीही त्यांना करायचो, पण मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचो. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

क्लबाच्या कपाटात एक करंडक आहे. त्याच्या लाकडी बैठकीवर दर वर्षीच्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकतात. चाळीसहून जास्त वर्षं क्लबात खेळूनही आजोबांचं नाव त्यावर एकदाही लागलेलं नव्हतं. तीनदा दुसरे आले होते. त्या वर्षी मात्र शेवटच्या फेरीआधी ते पहिले होते. शेवटच्या डावात नुसती बरोबरी झाली तरी करंडक त्यांचा होता. तो शेवटचा डाव माझ्याशी पडला. मी चौथा होतो. जिंकून मला काहीच मिळणार नव्हतं, हरून काही जाणार नव्हतं.

तरीही मी नेहमीसारखाच खेळलो. सोळाव्या चालीला उंटाचं बलिदान दिलं. त्यांच्या राजापुढचं प्यादं मारलं, राजाने उंट मारला, घोड्याने शह दिला आणि राजा तटाबाहेर आला. मग माझा वजीर, माझा घोडा आणि त्यांचा राजा एकाच उभ्या रांगेत आले. घोडा हलला की वजिराचा शह बसणार. आता हत्तीचंही बलिदान द्यायचं. हत्ती त्यांनी मारला की घोडा शह उघडत त्या जागी जाऊन पडणार, आणि मग पाच चालींत मात. मला ती मात लख्ख दिसत होती. अशी चाल आयुष्यात दोन-तीनदाच हाताशी येते.

मी हत्तीची चाल चालींच्या नोंदीच्या कागदावर लिहिली. आधी लिहायची आणि मग करायची, ही मला लहानपणी लागलेली सवय. हल्ली नियमात बसत नाही, पण हात ऐकत नाही. लिहून झाल्यावर मान वर केली तर आजोबा पटाकडे बघत होते आणि रुमालाने कपाळ टिपत होते. उकाड्याने की भीतीने, कोण जाणे.

आमच्या सांगलीच्या मंडळात एक रीत होती. म्हाताऱ्या खेळाडूचा शेवटचा महत्त्वाचा डाव असला की पोरांनी बरोबरी मागायची. कोणी बोलून दाखवायचं नाही. म्हाताऱ्याला सगळं कळायचं, तो हसायचा आणि सगळ्यांना चहा पाजायचा. यात कोणाचा अपमान होतो हे आमच्या गावीही नव्हतं.

मी हत्तीची चाल खोडली आणि हात पुढे करून विचारलं, "बरोबरी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, पटाकडे बघितलं, मोठा श्वास सोडला आणि माझा हात धरला. शेजारच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू.

त्यानंतर नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही डाव मांडला. आजोबा खुशीत होते. ते म्हणाले, "इथे तू हत्ती टाकला असतास तर मी संपलो होतो. बसल्या बसल्या घाम फुटला होता मला. तुला दिसलं नाही ना?"

"छे, अजिबात नाही," मी म्हणालो.

माझा कागद टेबलावर उघडाच पडला होता. आधीच्या कुठल्यातरी चालीचा क्रम बघायला त्यांनी तो ओढला, चष्मा वर केला, आणि खोडलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एकच सरळ रेघ मारली होती मी. खालचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं.

"हे कधी लिहिलंस?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागद घडी करून माझ्यासमोर ठेवला, कोट घातला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरींना त्यांचं पत्र आलं की करंडकावर आपलं नाव लावू नये. कारण दिलं नव्हतं. पुढचे तीन शुक्रवार ते आलेच नाहीत.

मी भडकलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. क्लबातले लोक मला विचारायचे, त्याला झालं तरी काय? मी काय सांगणार? एवढा मान दिला, वर्षानुवर्षं जे मिळत नव्हतं ते ताटात वाढून दिलं, आणि हा माणूस ताटच ढकलून उठला. मी घरी चिडचिड करत फिरायला लागलो. शेवटी बायको वैतागली. ती इथेच एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि बुद्धिबळातलं तिला शून्य कळतं.

"तू कोण रे एवढा दानशूर कर्ण?" ती म्हणाली. "त्यांनी मागितलं होतं तुझ्याकडे?"

"अगं, सेव्हंटी-एट आहेत ते! लास्ट चान्स होता त्यांचा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्यांचा चान्स होता. तुझा नव्हता. उद्या माझ्या बॉसने माझं प्रेझेंटेशन बाई आहे म्हणून पास केलं तर चालेल तुला?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? आणि तुझी ती चाल खरंच जिंकत होती का? चेक तरी केलीस?"

"चेक काय करायचंय? मला दिसत होतं!"

खरोखरच मी तो डाव संगणकात घातला नव्हता. तो आठवला की डोकंच फिरायचं. शिवाय हत्तीच्या त्या चालीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आजोबांनाही नव्हती, "मी संपलो होतो" असं त्यांनीच सांगितलं होतं.

चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शनिवारी सकाळी बागेत ये, म्हणाले, आणि ठेवून दिला. मी ट्रॅममध्ये बसून माफीची वाक्यं जुळवत गेलो. निम्मी माफीची होती, निम्मी भांडणाची. म्हटलं, आज ऐकवायचंच. आमच्याकडे याला आदर म्हणतात, म्हणून सांगायचं.

त्यांच्या लाकडी खोलीबाहेर टेबलावर पट मांडलेला होता. तोच डाव, तीच जागा, माझी हत्तीची चाल व्हायच्या क्षणी थांबलेला. त्यांनी मला बसायची खूण केली.

"टाक हत्ती," ते म्हणाले.

मी टाकला. आता त्यांनी हत्ती मारायचा, किंवा राजा घाबरून मागे न्यायचा. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. त्यांनी हत्तीला हातच लावला नाही. राजा उचलला आणि तिरका पुढे ठेवला. मागे नाही, पुढे, माझ्या मोहऱ्यांच्या तोंडाशी.

मला हसू आलं. असा उघडा राजा कोण पुढे नेतो? मी वजिराने शह दिला. त्यांनी उत्तर दिलं. घोड्याने दिला. उत्तर होतं. मी चाली मागे घेतल्या, दुसरीकडून सुरुवात केली, तिसरीकडून केली. पण राजा त्या उभ्या रांगेतून बाजूला झाला होता, आणि माझा सगळा हल्ला त्या एका रांगेवर उभा होता. तीन-चार चालींत शह संपत होते. मग माझा उंट गेलेला, हत्ती जाणार, घोडा अडकलेला. मी अर्धा तास झटापट केली. शेवटी मोबाइल काढून संगणकाला विचारलं. तो थोडा वेळ घुटमळला आणि त्याने काळ्याची बाजू दाखवली. आजोबा जिंकत होते. बरोबरी नव्हे, जिंकत होते.

जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य मला आता उपयोगाचं नव्हतं. माझ्या दयेची गरज ज्याला होती तो माणूस त्या टेबलावर बसलेलाच नव्हता.

"कधी सापडलं?" मी विचारलं.

"परवा. तीन आठवडे बघत होतो."

"मग त्या दिवशी तुला पटावर थोडंच सापडलं असतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. अजूनही मी स्वतःची बाजू राखत होतो, याची आता लाज वाटते.

ते चिडले नाहीत. त्यांनी राजा उचलला, परत मागच्या घरात ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "कदाचित नसतं सापडलं. मग मी हरलो असतो. पण माझ्या घड्याळात चाळीस मिनिटं शिल्लक होती. ती माझी होती."