श्रावणी सोमवारी सुकटीचा वास

केमिकलची कंपनी, पेट घेणारं लिक्विड आणि दाराबाहेर वेल्डर. आता धडाम होणार म्हणून तुम्ही सरसावून बसला असाल. नाही होणार. मी दोन्ही भुवयांसकट हे लिहितोय.

मी पनवेलचा, तळोज्यात ड्रमच्या शेडमध्ये कामाला. आमच्याकडे ट्रायइथाइल अमाइन येतं. दिसायला पाणी, वास सुकवलेल्या मासळीचा, वर अमोनियाचा ठसका. औषधं बनवताना जे अ‍ॅसिड सुटतं ते हे गिळतं, म्हणून त्याला मागणी. पण वाफ भयंकर. हवेपेक्षा जड, त्यामुळे फरशीवरून सरपटत जाते आणि लांब कुठे ठिणगी भेटली की तिथून आग घेऊन घरी परत येते. डोळ्यांत गेली तर दिव्यांभोवती निळसर धुकं दिसतं.

माझ्या जोडीला एक काका, उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले. त्यांच्या डब्यात सुकट ठरलेली. त्यामुळे वास आला की आम्ही ड्रमकडे नाही, काकांच्या डब्याकडे बघायचो. "झाकण लावा, मला चक्कर येतेय!" हे मी साहेबांच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचो. काका पोट धरून हसायचे.

त्या सकाळी वास जरा जास्तच होता.

"काय काका, आज डबल सुकट?"

"गप रे. सरावनातला सोमवार हाय. माजा उपास. डब्यात साबूदाना हाय."

दोघंही हसलो. मग दोघांचंही हसू तिथेच अडकलं.

मागच्या एका ड्रमचा तळ ओला होता. ओघळ गटारीत, आणि गटार थेट दाराबाहेर. तिथे वेल्डर पाइपला टाका मारायला बसलेला. सकाळी तपासणी झाली तेव्हा फरशी कोरडी होती, म्हणून तो बिनधास्त.

"अरे थांब! वाफ आहे!" मी ओरडलो.

"चल रे नौटंकी," म्हणत त्याने वेल्डिंगचा होल्डर उचलला आणि तोंडावर ढाल ओढली. त्याची काय चूक? मी त्याला इतक्यांदा फसवलेलं. घरी त्याची तान्ही मुलगी होती, आदल्याच दिवशी मोबाइलवर फोटो दाखवत होता.

मी छाती भरून साहेबांचा आवाज काढला. "ए! होल्डर घे आणि मागे हो! गेटपास काढून घेईन!"

बिचारा होल्डर छातीशी धरून पार रस्त्यापर्यंत मागे गेला.

मग मी भोंगा दाबला. काकांनी मास्क चढवून वाळू ओतली, पण त्याआधी वाकून बघताना त्यांच्या डोळ्यांना वाफ लागली होती. त्यांना डोळे धुवायच्या नळाशी बसवलं. संध्याकाळपर्यंत निवळेल, असं डॉक्टर म्हणाले.

साहेब आले. "माझा आवाज काढलास ते सोड. वास कधीपासून येतोय?"

"रोजच थोडा थोडा, साहेब. आम्हाला वाटायचं सुकट."

"रोज? आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही? दात काढत बसलात? त्या वेल्डर पोराला काही झालं असतं तर त्याच्या घरी काय सांगणार होतास, सुकट?"



"साहेब, त्याला नका वरडू," नळाखालून काका म्हणाले. मला हायसं वाटलं.

"मीच वरडतो. काय रं गाढवा, रोज माज्या डब्यात हात घालून खातोस ना? तरी माज्या सुकटीचा वास वलखत नाय तुला?"