थट्टेचा हक्क

कानिकी मास्तरांनी सदतीस वर्षं टांझानियाच्या डोंगरातल्या आमच्या क्वेमबागा गावच्या शाळेत भूगोल शिकवला. त्यांची छडी न खाल्लेला माणूस या डोंगरात शोधून सापडायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच विषय धरला, अमेरिकन माणसाचं अज्ञान. कॉफीवाल्याच्या बाकावर बसायचे आणि तिखटमीठ लावून सांगायचे. कोणा पाहुण्याने म्हणे विचारलं होतं, आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण? दुसऱ्याला टांझानिया हे बेट वाटलं होतं. "अरे, चंद्रावर जाऊन आले, पण वाटेत एकदा खाली बघितलं नाही!" मास्तर म्हणायचे आणि बाकावरची माणसं पोट धरून हसायची.

त्यांचा सगळ्यात लाडका किस्सा त्रुदीचा. त्रुदी ही शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली अमेरिकन बाई. आल्या दिवशीच तिने मास्तरांना विचारलं, इथून पिरॅमिड बघून संध्याकाळपर्यंत परत येता येईल का? मास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "ही आजपासून माझी म्तानी!" म्तानी म्हणजे थट्टेच्या नात्यातलं माणूस. आमच्याकडे हे नातं दोन कुळांत पिढीजात असतं. त्यात काहीही बोला, रागवायचं नाही. उलट घरात मयत झालं की म्तानीनेच पुढे होऊन थट्टा करायची, रडणाऱ्याला हसवायचं. परक्या बाईशी हे नातं कोणी जोडत नाही, त्यामुळे त्रुदीला त्याचं भारी अप्रूप. तीही काही कमी नव्हती. मास्तरांचं टक्कल बघून म्हणायची, "काय मास्तर, आज सहारा फारच तापलाय!"

तीन वर्षं असं चाललं. मग एका सकाळी त्रुदीचे वडील गेल्याची बातमी आली. दफनाआधी तिकडे पोचणं शक्यच नव्हतं. गावाने तिच्या अंगणात चटया टाकल्या, बायांनी भात चढवला आणि तिला मध्ये घेऊन बसल्या. सगळे मास्तरांचीच वाट बघत होते.

मास्तर आले ते थेट उंबऱ्यात आडवे झाले. "मला कॉफी मिळेपर्यंत मी उठत नाही. बघू कोण आत-बाहेर जातंय ते!" बाया हसल्या. त्रुदीसुद्धा रडता रडता हसली. तिथे थांबले असते तर मास्तर शहाणे ठरले असते. पण चार माणसं हसली की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे.

"अगं, म्हाताऱ्याचा जीव लेकीला भेटायला निघाला असेल, पण पडला अमेरिकन! आफ्रिका कुठे ते ठाऊक नको? ब्राझीलमध्ये दारोदार पत्ता विचारत असेल बिचारा!"

अंगण खदखदलं. त्रुदीचा चेहरा मात्र उतरला.

"मास्तर, त्यांचं नाव सांगा," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं. त्यांचीच थट्टा करताय ना?"

मास्तर उठून बसले. आमचा रिवाज असा, की मेलेल्याला नावाने हाक मारून चिडवायचं. अमका चिक्कू होता, तमका घोरायचा. ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याची थट्टा कोणी कधी ऐकली नव्हती.

"काय रे," म्वानाइशा आजी म्हणाली, "तीन वर्षांत साधं नाव विचारलं नाहीस?"

"आणि माझं गाव कुठे आहे?" त्रुदीने विचारलं.

"ते... न्यूयॉर्कच्या बाजूला," मास्तर चाचरले.

"तिथून दोन दिवस गाडी चालवावी लागते." तिचा आवाज वर चढला नव्हता. "तुमच्या अंगातला स्वेटर त्यांनीच पाठवला होता. या डोंगराची उंची त्यांनी पुस्तकात वाचली. म्हणाले, तिथे थंडी असेल, तुझ्या त्या खोकणाऱ्या मास्तरांना दे. मी देताना सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही पिरॅमिडचा किस्सा सांगत होतात."

मास्तरांना तर तो जुन्या कपड्यांच्या बाजारातला वाटला होता. सगळ्या गावादेखत तो स्वेटर काढून ठेवावा, की तसंच बसून राहावं, काही कळेना.

थट्टेच्या नात्यात माफी नसते. माफी मागितली, की ती थट्टा नव्हती, अपमान होता आणि समोरचं माणूस परकं होतं, हे कबूल केल्यासारखं होतं. मास्तर हे चांगलं जाणून होते. हसण्यावारी नेलं असतं तर नातं कसंबसं टिकलंही असतं.

"नाव काय होतं त्यांचं?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

"लेलंड."

"लेलंडची थट्टा करायचा मला हक्क नव्हता. मला माफ कर, बाई."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. त्रुदीने डोळे पुसले आणि मान हलवली.

ती अजून गावातच आहे. मास्तर दिसले की थांबते आणि "शिकामू" म्हणून थोरामोठ्यांना करतात तसा अदबीने नमस्कार करते. मास्तरही रीतसर उत्तर देतात. ती पूर्वीसारखं काहीतरी थट्टेचं बोलेल म्हणून क्षणभर घुटमळतात. ती बोलत नाही. तिच्या त्या अदबीची मास्तरांना इतकी लाज वाटते, की हल्ली बाजाराला जाताना ते मागची वाट धरतात.